धड्यातले मुके इंजिन

चार धावांच्या इंजिनाची आकृती आपल्या विज्ञान-शिक्षणात चांगलीच स्थिरावली आहे. चोषण, संपीडन, शक्ती आणि निष्कास या चार धावांचे चार चौकोन, प्रत्येकात वर किंवा खाली जाणारा दट्ट्या आणि माथ्यावर दोन झडपा. पुस्तकांत, प्रयोगशाळेच्या भिंतीवरील तक्त्यांत आणि उत्तरपत्रिकांत ही आकृती पुन्हा पुन्हा भेटते. ती काढायला सोपी आहे, तिला गुणही मिळतात आणि इंधनाच्या उष्णतेचे रूपांतर हालचालीत कसे होते ही महत्त्वाची गोष्ट तिच्यातून खरोखर कळते. एवढे श्रेय तिला द्यायलाच हवे.

परंतु या आकृतीतील इंजिन मुके आहे. त्यातील झडपा किती वेळात उघडल्या, त्यांना कोणी ढकलले आणि मिटताना त्या आपल्या बैठकीवर कशा टेकल्या, याविषयी आकृती काहीच सांगत नाही. सोबतचा मजकूरही ‘आदान झडप उघडते’, ‘निष्कास झडप बंद होते’ एवढ्यावर थांबतो. उभ्या मोटारसायकलचे इंजिन सुरू केले की त्याच्या माथ्यातून येणारी टिकटिक वर्गातल्या बहुतेक मुलांनी ऐकलेली असते. ती कशाची, याचे उत्तर धड्यात नाही. ते गॅरेजमध्ये आहे. तिथला मेकॅनिक ‘टॅपेट वाजताहेत’ म्हणतो, पत्र्याची एक पातळ पट्टी फटीत सरकवून पाहतो, स्क्रू जरासा फिरवतो आणि नट आवळतो. शाळा आणि गॅरेज यांच्यातील ही वाटणी आम्हांला खटकते. झडपांचा आवाज धड्याबाहेर ठेवला की त्याच्याबरोबर काळ, वस्तुमान आणि उष्णतेने होणारे प्रसरण हे तिन्ही विषय इंजिनातून बाहेर पडतात. हे तिन्ही विषय आपण त्याच वर्गात, दुसऱ्या धड्यांत, मोठ्या कष्टाने शिकवत असतो.

वेळेचा हिशेब

आकृतीप्रमाणे चोषण धाव सुरू होताच आदान झडप पूर्ण उघडते आणि धाव संपताच पूर्ण मिटते. म्हणजे क्रँकशाफ्टच्या १८० अंशांत हे काम उरकते. झडप एका क्षणात उघडायची असेल तर तिला अनंत त्वरण द्यावे लागेल आणि त्यासाठी अनंत बल लागेल. न्यूटनचा दुसरा नियम शिकलेल्या विद्यार्थ्याला ही अडचण दिसायला हवी. ती दिसत नाही, कारण आकृतीत झडपेला वस्तुमानच नाही.

प्रत्यक्षात झडप धाव सुरू होण्याच्या आधीच उघडू लागते आणि धाव संपल्यानंतरही काही काळ मिटत राहते. तिला हळूहळू उचलावे व हळूहळू उतरवावे लागते हे त्याचे एक कारण. वाहत्या वायूच्या गतीचा फायदा घेता येतो हे दुसरे. झडप एकूण २४० अंश उघडी राहते असे धरू. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर दोन फेऱ्यांचे एक चक्र ४० मिलिसेकंदांत पुरे होते. म्हणजे प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते आणि दर वेळी सुमारे १३ मिलिसेकंद उघडी असते. त्यातला निम्मा वेळ वर जाण्याचा. झडपेची उचल ९ मिलिमीटर आहे, पहिले निम्मे अंतर ती एकसमान त्वरणाने वेग घेते आणि उरलेले निम्मे अंतर तेवढ्याच मंदनाने थांबते, असे ढोबळमानाने मानू. मग ४.५ मिलिमीटर अंतर सुमारे ३.३ मिलिसेकंदांत कापायचे आहे. अंतर म्हणजे त्वरणाच्या निमपटीला काळाच्या वर्गाने गुणणे, हे नेहमीचे सूत्र वापरले की त्वरण येते सेकंदाला सेकंदाला सुमारे ८१० मीटर. हे गुरुत्व त्वरणाच्या ८० पटींहून अधिक आहे. फेरे दुप्पट, म्हणजे ६,००० केले की काळ निम्मा होतो आणि त्वरण चौपट होऊन गुरुत्वाच्या सुमारे ३३० पट होते. झडप आणि तिच्यासोबत हलणारे भाग यांचे वस्तुमान १०० ग्रॅम धरले तर त्यांना वेळेत परत फिरवण्यासाठी स्प्रिंगला सुमारे ३२५ न्यूटन बल लावावे लागेल. स्प्रिंग तेवढी ताकदवान नसेल तर झडप कॅमला सोडून वर तरंगते आणि मग मोकाट बैठकीवर आदळते.

या हिशेबात निकोलाउस ऑटो यांचे १८७६ सालचे इंजिन घालून पाहिले तर आकृतीचे मूळ लक्षात येते. ते मिनिटाला दोनशेपेक्षाही कमी फेरे घेत असे. १८० फेरे धरून वरच्याच मापाची झडप कल्पिली तर लागणारे त्वरण सेकंदाला सेकंदाला तीन मीटरही नाही. म्हणजे गुरुत्वाच्या एक-तृतीयांशाहून कमी! अशी झडप निव्वळ आपल्या वजनाने वेळेत खाली पडली असती. आपली आकृती खरी आहे ती अशा संथ इंजिनापुरती. वेग वाढला की धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो, ही गोष्ट तिच्यात मावत नाही.

फट कशासाठी?

आकृतीत दुसरी उणीव आहे ती एका बारीक फटीची. मेकॅनिक जिला ‘गॅप’ म्हणतो ती हीच. झडप मिटलेली असताना झडपेचा दांडा आणि तिला ढकलणारा भाग यांच्यामध्ये एक दशांश ते काही दशांश मिलिमीटर मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. यंत्र बनवणाऱ्याला अचूक बसवता येत नाही म्हणून ती राहिलेली नाही.

निष्कास झडपेभोवतून जळालेले तप्त वायू जातात. तिचे डोके ७०० अंश सेल्सियसच्या घरात तापते. १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी दांडा भोवतालच्या धातूपेक्षा सरासरीने २०० अंशांनी अधिक तापला आणि पोलादाचा प्रसरणांक अंशाला दहा लाखांत १२ भाग धरला, तर दांडा भोवतालापेक्षा सुमारे ०.२४ मिलिमीटर अधिक लांबतो. फट ठेवली नसेल तर लांबलेला दांडा वर अडतो, झडप बैठकीवरून किंचित उचललेलीच राहते आणि तप्त वायू त्या चिरेतून निसटत राहतात. झडपेची बहुतांश उष्णता बैठकीला टेकल्यावरच बाहेर निघत असते. टेकणेच बंद झाले की झडपेची कड जळू लागते. रुळांच्या सांध्यात फट का ठेवतात, हा प्रश्न परीक्षेत विचारून गुळगुळीत झाला आहे. त्याच तत्त्वावरची ही फट विद्यार्थ्याच्या घरच्या मोटारसायकलमध्ये आहे आणि तिच्याविषयी एक ओळही नसावी, याचे आश्चर्य वाटते.

धक्क्याचे मोजमाप

फट आली की आवाज आला. ढकलणारा भाग आधी मोकळेपणी फट ओलांडतो आणि वेग घेऊन दांड्यावर आदळतो. झडप मिटतानाही तेच घडते. कॅमचा आधार फटीएवढ्या उंचीवर सुटतो आणि झडप त्या वेळच्या वेगाने बैठकीवर टेकते.

हा वेग किती? मघाचे ८१० चे त्वरण घ्या आणि फट ०.२ मिलिमीटर धरा. वेगाचा वर्ग म्हणजे त्वरण आणि अंतर यांच्या गुणाकाराची दुप्पट. त्यावरून वेग येतो सेकंदाला ०.५७ मीटर. विद्यार्थ्यांना हा आकडा बोलका वाटणार नाही. म्हणून आपण विचारू, की एवढा वेग यायला वस्तू किती उंचीवरून पडली पाहिजे? उत्तर : सुमारे साडेसोळा मिलिमीटर. साडेसोळा मिलिमीटर उंचीवरून पोलादावर पोलाद सेकंदाला २५ वेळा टाकत राहा, असा याचा अर्थ.

यावर कॅम बनवणाऱ्यांनी काढलेला उपाय साधा आणि सुंदर आहे. कॅमच्या उंचवट्याच्या पायथ्याशी आणि शेवटी एक अगदी मंद चढ-उतार ठेवायचा. कॅम एक अंश फिरला की उचल फक्त ०.०१ मिलिमीटर वाढावी, असा हा चढ समजू. ०.२ मिलिमीटरची फट तो कॅमच्या २० अंशांत ओलांडतो. इंजिनाच्या ३,००० फेऱ्यांना कॅम १,५०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९,००० अंश. मग फट ओलांडतानाचा वेग सेकंदाला ०.०९ मीटर एवढाच राहतो. पडण्याच्या उंचीत सांगायचे तर साडेसोळा मिलिमीटरऐवजी ०.४ मिलिमीटर. धक्क्याची ऊर्जा चाळीस पटींनी घटली आणि त्यासाठी एकही नवा भाग लागला नाही, फक्त वक्र बदलला.

आता समजा, स्क्रू सैल होऊन किंवा भाग झिजून फट ०.२ ऐवजी ०.३ मिलिमीटर झाली. वाढ किती? वहीच्या एक-दीड पानाच्या जाडीएवढी. पण मंद चढाची उंची ०.२ मिलिमीटरच आहे. उरलेले ०.१ मिलिमीटर अंतर आता चढाच्या पलीकडे, जोराच्या त्वरणात ओलांडले जाते. हिशेब केला तर पडण्याची उंची ०.४ वरून जवळजवळ ९ मिलिमीटरवर जाते, म्हणजे वीसपटीहून अधिक. मेकॅनिकची ती पातळ पट्टी का महत्त्वाची आहे, हे यावरून कळावे. तो कागदाच्या जाडीचा फरक मोजतो, कारण धक्का त्या फरकावर ठरतो.

आवाज घालवण्याचे प्रयत्न

आवाजावरचे उपाय नोंदवणारे लोकप्रिय लेखन पुष्कळ आहे. त्याचा सूर बहुधा असा असतो की पूर्वी इंजिने गोंगाट करीत, मग अमुक शोध लागला आणि प्रश्न सुटला. या सुराशीही आमचे मतभेद आहेत. प्रत्येक उपायाने किंमत घेतली आहे आणि ती सांगितली तरच उपाय समजतो.

चार्ल्स येल नाइट हे शिकागोचे गृहस्थ दुग्धव्यवसायावरचे नियतकालिक काढीत असत. आपल्या मोटारीच्या झडपांच्या खडखडाटाला कंटाळून त्यांनी झडपाच काढून टाकल्या. दट्ट्याभोवती दोन नळ्या एकमेकींत सरकत राहतात आणि त्यांना पाडलेल्या खिडक्या समोरासमोर आल्या की वायूची वाट उघडते, अशी त्यांची रचना होती. आदळण्याजोगे काही उरलेच नाही. इंग्लंडमधील डेमलर कंपनीने १९०८ मध्ये ती स्वीकारली. अमेरिकेत विलिस-नाइट मोटारी १९३३ पर्यंत निघत होत्या. इंजिन खरोखर शांत होते. पण सरकत्या नळ्यांच्या मोठ्या पृष्ठभागांना सतत तेल लागे, ते जळे आणि गाडीमागे निळसर धूर राही. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिस्टल कंपनीच्या विमान-इंजिनांत सरकत्या नळीची वेगळी रचना यशस्वी झाली, मात्र तिथे शांतता हा हेतू नव्हता. निव्वळ आवाज घालवण्यासाठी सारी रचना बदलणे मोटारींना परवडले नाही.

दुसरा उपाय फट तेलाने भरण्याचा. १९३० साली कॅडिलॅकच्या १६ सिलिंडरांच्या मोटारीत तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारी योजना होती. आज ‘हायड्रॉलिक टॅपेट’ म्हणून ओळखला जाणारा भाग याच तत्त्वावर चालतो. छोट्या पोकळीत इंजिनाचे तेल शिरते, एक बारीक गोळी परतीची वाट बंद करते आणि कोंडलेले तेल जवळजवळ दाबले जात नसल्यामुळे घन दांड्यासारखे काम करते. दर चक्रात थोडे तेल झिरपते आणि तेवढेच पुन्हा भरते. दांडा लांबला की तेल कमी भरते, आखडला की अधिक. कल्पना चतुर आहे यात शंका नाही. पण तेल घाण झाले, त्यात हवेचे बुडबुडे आले किंवा दाब कमी पडला की हाच भाग वाजू लागतो. हलणाऱ्या भागांचे वस्तुमानही त्याने वाढते. फार वेगात झडप तरंगली तर टॅपेट तीही फट समजून तेल भरून घेतो आणि झडप पूर्ण मिटू देत नाही.

तिसरा मार्ग स्प्रिंगवरचा भरवसा सोडून झडप उघडायला एक कॅम आणि मिटायला दुसरा कॅम वापरण्याचा. मर्सिडीझ-बेंझच्या १९५४-५५ च्या शर्यतीच्या मोटारीत आणि फाबिओ तालिओनी यांनी १९५६ मध्ये डुकाटीसाठी केलेल्या मोटारसायकलीत ही रचना होती. तिने झडप तरंगण्याचा प्रश्न सोडवला, फटीचा नाही. उलट आता दोन फटी सांभाळाव्या लागतात.

चौथा मार्ग वक्राचा, ज्याचा एक नमुना वर आलाच आहे. आपण हिशेबासाठी घेतलेल्या एकसमान त्वरणाच्या वक्रात एक दोष आहे. त्यात त्वरण शून्यावरून एकाएकी ८१० वर जाते आणि मध्यावर एकाएकी उलटते. त्वरणातील अशा झटपट बदलाला मराठीत ‘हिसका’ हा नेमका शब्द आहे. हिसका बसला की दांडे वाकतात, स्प्रिंगची वेटोळी थरथरतात आणि झडप कॅमने आखून दिलेली वाट सोडते. १९४८ मध्ये डब्ल्यू. एम. डड्ली यांनी उलटा विचार मांडला : झडपेची हालचाल कशी हवी ते आधी ठरवायचे, मधल्या भागांचा लवचीकपणा हिशेबात घ्यायचा आणि त्यावरून कॅमचा आकार काढायचा. चार उपायांत हा सर्वांत कमी गाजला, कारण तो दाखवता येत नाही. आमच्या मते शाळेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा हाच, कारण तो समजायला आलेखाचा कागद पुरतो.

शांततेचा धोका

आता मुख्य मुद्दा. इंजिनाचा आवाज म्हणजे दोष आणि शांतता म्हणजे आरोग्य, असे आपण गृहीत धरतो. झडपांच्या बाबतीत हे गृहीत घातक ठरू शकते.

झडप वर्षानुवर्षे बैठकीवर आपटत राहते तेव्हा बैठक झिजते आणि झडप तिच्यात खोल रुतत जाते. झडपेचे डोके जेवढे आत जाते तेवढे दांड्याचे दुसरे टोक ढकलणाऱ्या भागाजवळ येते. म्हणजे झिजेबरोबर फट कमी होते आणि टिकटिकही कमी होते. इंजिन बिघडत चालले आहे आणि कानाला मात्र सुधारल्यासारखे वाटते! शेवटी फट संपते, झडप नीट टेकेनाशी होते आणि जळते. पेट्रोलमधील शिशाची संयुगे पूर्वी बैठकीवर संरक्षक थर धरीत असत. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. आरोग्यासाठी ते योग्यच झाले, पण त्यामुळे कठीण धातूच्या बैठकींचे महत्त्व वाढले. सीएनजीसारख्या कोरड्या वायुरूप इंधनावर बैठकीची झीज हा आजही काळजीचा विषय असतो.

गॅरेजमध्ये ‘आवाज बंद करून द्या’ असा आग्रह धरणारे गिऱ्हाईक असते. अनुभवी मेकॅनिक ते नाकारतो. नवशिका मेकॅनिक फट ठरलेल्या मापाहून कमी करतो, गाडी गप्प होते, गिऱ्हाईक खूष होते आणि काही महिन्यांनी निष्कास झडप जळाल्याचे निदान होते. हा नवशिका मेकॅनिक आपल्याच शाळेतून चार धावांची आकृती काढून, गुण मिळवून बाहेर पडलेला असू शकतो. त्या आकृतीत फट नव्हती. त्याला आवाजाचा अर्थ शिकवण्याची संधी आपल्याला होती आणि ती धड्याने दवडली. याचा दोष शिक्षकांवर टाकण्याचा आमचा हेतू नाही; पुस्तक जे देते तेच परीक्षा मागते, हे आम्ही जाणतो.

विजेवर चालणाऱ्या वाहनांना झडपा नसतात, मग हे आता कशाला, असेही कोणी विचारील. चालू इंजिने अजून बरीच वर्षे रस्त्यावर आणि शेतावर राहणार आहेत, हे एक उत्तर. दुसरे अधिक महत्त्वाचे. फट, तिच्यातून मिळणारा वेग आणि त्यातून बसणारा धक्का ही गोष्ट दाराच्या कडीपासून रेल्वेच्या डब्यांच्या जोडणीपर्यंत प्रत्येक यंत्रात आहे.

धड्यात फार मोठी भर घालावी असे आम्ही म्हणत नाही. चौथ्या चौकोनाशेजारी पाचवा काढावा : कॅम, ढकलणारा भाग, फट, दांडा, स्प्रिंग आणि बैठक. त्याखाली तीन प्रश्न द्यावेत. झडप उघडायला किती वेळ मिळतो? फट का ठेवली आहे? ती दीडपट झाली तर काय ऐकू येईल? वर्गात एक रुपयाचे नाणे फरशीवर दीड-पावणेदोन सेंटिमीटरवरून टाकावे आणि मग त्याची एक कड दोन पोस्टकार्डांच्या जाडीएवढी उचलून सोडावी. दोन आवाजांतला फरक मागच्या बाकापर्यंत पोहोचतो. जवळच्या गॅरेजमधून एक जळालेली झडप मागून आणावी. ती भंगारातच जाणार असते. तिच्या कडेवरची खाच विद्यार्थ्यांच्या हाती फिरू द्यावी. आणि जमले तर त्या मेकॅनिकलाच पट्टी घेऊन एक तास वर्गात बोलवावे. फट किती ठेवायची हे तो सांगेल, ती तेवढीच का हे शिक्षकांनी फळ्यावर मांडावे.